नारूची काडी

लग्न होऊन संतपूरला आले त्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या घोट्याजवळ फोड उठला. तो फुटला आणि आतून पांढऱ्या सुतळीसारखं काहीतरी डोकावलं. नारू!

निजामाच्या राज्यात आमच्याकडं हा रोग घरोघरी. उपाय एकच, किड्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज हलक्या हातानं एखादा वेढा द्यायचा. घाई केली की तो तुटतो, आतच सडतो आणि पाय कायमचा आखडतो. शेजारची एक बाई तशीच जन्माची लंगडी झाली होती.

पण काडी धरणार कोण? माझा नवरा, त्यांचा पोटचा मुलगा, वासानंच शेतावर पळाला. आईच्या पायाची शिसारी, जेवण मात्र वेळेवर पोचायला हवं. त्याची मला नारूपेक्षा जास्त किळस आली.

उरले मी. सासूबाईंवर माझी माया होती म्हणावं, तर तसंही नाही. आल्या दिवसापासून त्यांनी मला घालून पाडून बोलायचं सोडलं नव्हतं. तरी रोज त्यांचा पाय मांडीवर घ्यायचा, पू पुसायचा, श्वास रोखून वेढा द्यायचा. कधी किडा अडून बसे, कधी उलटा आत सरके. हे कधी संपणार, नीट संपणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी त्या घरात दिसेनात. मी बारवेवर घागर भरून वळले, तर तिथंच सापडल्या. पायरीवर बसून दुखरा पाय पाण्यात सोडलेला, आणि शेजारीच बायका घागरी भरत होत्या.

"आत्याबाई, हेच पाणी पितो की आपण!"

"आग पडायलीय पायाला. समदेच बुडवत्यात."

खरंच, सगळेच बुडवत. त्या पाण्यातूनच नारू पोटात जातो हे फार पुढं एका डॉक्टरनं सांगितलं. त्या दिवशी मी नुसत्या किळसेनं आमची घागर तिथंच पालथी केली. काडी सुटून गेली होती. त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं आणि नवी काडी बांधली.

आषाढ लागता लागता शेवटचं टोक बाहेर आलं. अख्खा निघाला. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"तुला किळस येत नव्हती व्हय गं?"

"रोज यायची. आत्ताबी यायलीय."

"मग कामून बसलीस?"

"सोडलं असतं तर तुटला असता."

त्या भिंत धरून उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि भाकरी करून माझ्यापुढं ठेवली. त्या घरात मला सगळ्यांच्या आधी वाढलं गेलं ते पहिल्यांदाच. हात धुऊनही माझ्या बोटांना तो वास येत होता. मी भाकरी मोडली आणि खाल्ली.