हाकेनंतर

कुठं ऊस जळाल्याचा गोडसर, करपट वास आला की निमगाव केतकीजवळची ती दुपार आजही माझ्यापुढे उभी राहते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यात मी फौजदार म्हणून नवा होतो आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

ठाण्यात एक बागायतदार आला. अंगावर राख, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "सायेब, माझा उभा ऊस पेटवला. चुलतभावाचंच काम हाय. दुसरं कोन?"

शेजारी चुलतभावाच्या फडात कारखान्याची तोडणी टोळी आली होती. याची पाळी अजून लांब होती. दोघांचं बांधावरून जुनं भांडण. मला एवढं पुरलं. फिर्याद लिहून घ्यायला सांगून मी चुलतभावाला आणवलं आणि टेबलावर हात आपटून चौकशी सुरू केली. हात मलाच लागला.

"त्याचा ऊस जाळून मला काय मिळतंय?" तो म्हणाला. "जळका ऊस कारखाना आदी उचलतो. आता टोळी माझ्या फडातनं उठून त्याच्याकडं जाईल."

हे माझ्या डोक्यात तिथंच शिरायला हवं होतं. शिरलं नाही. दोघांनाही जीपमध्ये घालून मी पंचनाम्याला निघालो.

फड अजून धुमसत होता. बांधावर एक बाई मेंढरं घेऊन उभी होती. कोणाला पळताना पाहिलं का, मी विचारलं.

"न्हाय बा. हाक ऐकली आन् मेंढरं भायेर काढली."

"कसली हाक?"

घरात पाट कुठं असतो हे विचारणाऱ्या जावयाकडे बघावं, तशी ती माझ्याकडे बघू लागली. "पेटवायच्या आदी मारत्यात ती. फडात मानूस, जनावर आसंल तर निगावं म्हनून."

आमचे हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, वैरी कधी हाक मारून पेटवतो का?"

मी फिर्यादीकडे वळलो. तेवढ्यात त्याची बायको चपला हातात घेऊन पळत आली. "आबा आल्यात का हिकडं? उसातल्या वाटंनं वैरन आनाय गेल्यात. आजून घरी न्हाईत."

आबा म्हणजे त्याचे वडील.

"मी हाक मारली व्हती," तो म्हणाला. त्याला कोणी काहीच विचारलं नव्हतं. "चारी कडंनं मारली व्हती."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "तुमी पेटवला?"

"टोळी त्याच्याकडं आली. मला बघवंना."

तपास तिथं संपला आणि भीती सुरू झाली. आम्ही राखेत उतरलो. बूट तापले होते, पाय मात्र गार पडले होते. प्रत्येक काळं बुडखं मला म्हाताऱ्याच्या पाठीसारखं दिसे. खरं सांगायचं तर, आबा दुसऱ्या कोणाला तरी आधी सापडावेत, असं मी मनात म्हणत होतो. मागून तो माणूस हाका मारत येत होता. घसा बसला तरी थांबत नव्हता.

आबा सापडले ते चुलतभावाला. पाण्याच्या पाटात, चिखलात पालथे पडलेले. तळपाय भाजलेले, पण श्वास चालू होता. ज्याला मी आरोपी करायला निघालो होतो, त्यानंच त्यांना पाठीवर घेतलं.

जीप इंदापूरच्या दवाखान्याकडे निघाली. मुलगा पायाशी बसून पुन्हा पुन्हा विचारत होता, "आबा, हाक मारली व्हती की मी. ऐकू आली न्हाय का?"

आबांनी डोळे उघडले. "आली की. मी ओ दिली. तू बोलावतोयस म्हनून तुझ्याच बाजूला येत हुतो. तवर तू पेटवलंस."



खोट्या फिर्यादीची आणि आगीची पुढची कारवाई रीतसर झाली. आबा काठीनं चालू लागले. संयम सुटलेला माणूस म्हणजे दारू पिऊन कोयता उगारणारा, असा तोवर माझा समज होता. हा माणूस शुद्धीत होता, रीत पाळून चारी कडांना फिरला होता. फक्त उत्तर येईपर्यंत त्याला धीर धरवला नाही.

हल्ली घरात चहासाठी हाक मारली की आतून ओ येईपर्यंत मी दुसरी हाक मारत नाही. निवृत्तीनंतर मी सुधारलो, असं बायको पाहुण्यांना सांगते. तिची ओ यायला जरा उशीर झाला की अजूनही माझे पाय गार पडतात.