उकळीआत्यांनी सांभाळलेली जोडी

आळीतली मंडळी त्यांना उकळीआत्या म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांच्या घरात कच्चं पाणी औषधालाही सापडायचं नाही. पाहुण्याला चूळ भरायलासुद्धा उकळून गार केलेलं! धाकटा मुलगा खराब पाण्यानं दगावला, तेव्हापासूनचं हे वेड. म्हणून हसणारेही जरा बेतानंच हसत.

लेकीचा धंदा शोभेच्या माशांचा. पिल्लांसाठी वाढवलेली एक जोडी तिनं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. पुढचा सगळा हंगाम त्या दोघांवर. बाळंतपणाला दवाखान्यात निघताना ती म्हणाली, "आई, घराकडे नाही बघितलंस तरी चालेल, एवढी जोडी सांभाळ."

दुसऱ्याच दिवशी भर उन्हात वीज गेली. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला, पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. आत्यांना वाटलं, पाणी बाधलं, दुसरं काय! त्यांनी निम्मी टाकी उपसली आणि घरात झाकून ठेवलेलं उकळलेलं पाणी तिच्यात ओतलं.

मासे जास्तच तडफडायला लागले. मग आत्यांनी शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. पाणी पुरतं निवेपर्यंत थांबायचाही धीर त्यांच्यात उरला नव्हता. "थांबा रे बाळांनो, आलेच," असं म्हणत त्या कोमट पाणी ओतत राहिल्या. नर आडवा होऊन तरंगू लागला.

जावई लेकीचा डबा न्यायला आले, ते टाकीत हात घालून चमकलेच. "आई, हे उकळलेलं पाणी?"

"मग काय कच्चं घालू?"

"अहो, पाण्यात हवा मुरलेली असते, तिच्यावर मासे जगतात. पाणी तापलं की ती हवा कमी होते, आणि उकळलं की जवळजवळ उरतच नाही."

ते रागावले नाहीत, हे आत्यांना जास्त लागलं. जावयांनी शेजारच्या हौदातलं गार पाणी आणलं आणि हवा मिसळावी म्हणून तांब्यानं उंचावरून धार धरली. आत्यांनी तांब्या त्यांच्या हातातून हिसकावला. मादीचे कल्ले एकदा हलले, पुन्हा एकदा हलले, मग हललेच नाहीत.

"आई, राहू द्या आता."

त्यांनी राहू दिलं नाही. हात भरून आले तरी धार चालूच होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. जावयांनी तो आत्यांच्या कानाला लावला. लेकीचा आवाज थकलेला होता, पण खुशीत होता. "आई, मुलगी झाली! आणि माझी जोडी कशी आहे?"

"मी मारली गं," आत्या हुंदका देत म्हणाल्या. "तुझ्या दोन्ही माशांना मी माझ्या हातानं मारलं."

पलीकडे बाळ रडत होतं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू इकडे इतक्यात येऊ नकोस."