सून गेली लालबर्‍याले अन् टाकी फुटली

हिंमत असन तं माह्या एका शब्दावर विश्वास ठेवून दाखव! मी थापाडी आहो हे साऱ्या वार्डाले माहीत आहे. पन आता जे सांगून राह्यली ते खरं आहे, त्याले मी तरी काय करू? बस इथं. विरजन न्याले आली ना तू? देतो. आधी आयक.

मी, कौसाबाई अन् देवका, आमी तिघी चाळीस वरसं एका ओट्यावर बसून बिड्या वळल्या. पान कापलं का बारीक कतरन खाली पडते. बिड्या तं ठेकेदार घेऊन गेला, कतरन आमच्याजवळ राह्यली. आमचे किस्से म्हनजे तेच. ओटा झाडाले बसलं का सूपभर निंगतेत!

त्यातला हा सूपभर मासोळ्याच्या टाकीचा.

*

टाकी माह्या सुनेची, रंजनाची. पाच सोनेरी मासोळ्या, खाली रंगीत गोटे, बुडबुड्याची मशीन. मागल्या साली आमचा बुढा न्हानीत घसरला, तवापासून त्याच्या हाती काठी आली. टीव्ही त्याले पटत नाही. सकाळपासून टाकीपुढं खुर्ची टाकून बसते. पाच मासोळ्याइले त्यानं माह्या पाच बहिनीचे नावं देले!

मी म्हनलं, "काहून जी?"

तं म्हने, "ह्याबी दिवसभर तोंडच हालवतेत. पन आवाज येत नाही, एवढं सुख आहे."

रंजना भावाच्या घरच्या लग्नाले लालबर्‍याले निंगाली, नवऱ्याले घेऊन, आठ दिवसासाठी. उंबऱ्यात उभी राहून मले बोट दाखवलं. "आई, टाकीत हात घालाचा नाही. मागं तुमी फेस पाहाले साबन टाकलं होतं. या बारीले काही झालं तं टाकी माह्या भावाकडे जाईन. तो मागूनच राह्यला आहे."

मी म्हनलं, "हौ वं माय, मी काय लहान आहो?"

बुढ्यानं मातर खुर्ची टाकीजवळ वढली. टाकी गेली तं तो पाहीन काय? माह्या तोंडाकडे? पंचावन वरसं पाह्यलं त्यानं. आता पाहात नाही.

*

दुसऱ्याच दिवशी माह्या हाताले खाज सुटली.

बुढा दुपारी झोपला का दाताची कवळी काढून वाटीत ठेवते. मी ते हळूच उचलली अन् टाकीत सोडली. गोट्याइवर नीट बसवली. खालचे दात खाली, वरचे दात वर. बाई गं, टाकी हासाले लागली! एक मासोळी वरच्या दातातून आत गेली अन् खालून बाहेर आली.

बुढा उठला. वाटी चाचपली. मंग टाकीकडे पाह्यलं.

बोळक्या तोंडानं वरडला, "माहे दाद! माहे दाद!"

"मासोळ्याइनं लावले," मी म्हनलं. "त्याइलेबी फुटाने खा वाटले असन!"

त्यानं काठी उलटी धरली, मुठीचा आकडा टाकीत घातला, कवळी अडकवली अन् अशी वढली, अशी वढली का मूठ बाजूच्या काचेले लागली. टन्न!

पानी हॉलभर. मी लुगडं खोसून मासोळ्या बादलीत टाकल्या. पाचच्या पाच. गोटे घमेल्यात भरले. कवळी सापडली, पन तिचा समोरचा एक दात गायब! सारा हॉल झाडला, पलंगाखाली पाह्यलं. नाही म्हनजे नाहीच.

मी म्हनलं, "काठी तुही!"

तो म्हने, "कवळी कोनं टाकली?" अन् त्या खिंडारातून शीळ वाजल्यावानी म्हने, "सांगू का सुनेले?"

*

मंग सून येईपर्यंत हेच चाललं. सुनेनं त्याची साखर बंद केली आहे, डाक्टरनं सांगतलं म्हनून. मी बिनसाखरेचा चहा देला का कप खाली ठेवे.

"सांगू का सुनेले?"

मी एक चमचा टाको.

"पुरा सांगू का अर्धा?"

दुसरा चमचा टाको! नवरा नोहोय बाई, ठानेदार आहे!

*

रोज संध्याकाळी रंजनाचा विडिओ कॉल. "आई, मासोळ्या दाखवा."

आता टाकी तं कोपऱ्यात फुटून पडलेली. मंग मी लोनच्याची काचेची बरनी घासली, एक मासोळी तिच्यात सोडली अन् मोबाईल बरनीले चिकटवला. पडद्यावर नुसती मासोळीच मासोळी.

"अवो आई, हे एवढी मोठी कशी दिसून राह्यली?"

"तुह्यी आठवन येते तिले. तुहा आवाज आला का काचेजवळ येते!"

"अन् बाकीच्या?"

"त्या रुसल्या आहेत."

माह्यी सून पाघळली हो! म्हने, "मी लौकर येतो."

मी घाबरून म्हनलं, "नाही नाही, लग्न निपटवूनच ये!"

*

तिसऱ्या दिवशी जवाईबापू आले, आमच्या लेकीचा नवरा. मलाजखंडले तांब्याच्या खदानीत मशिनीवर आहेत. टाकी पाह्यली अन् बाह्या वर केल्या. "मामी, टेन्शन नका घेऊ. आमी तिथी डंपर जोडतो. हे तं खेळनं आहे."

खिशातून पाइपाले लावाची लांबी, पुट्टी म्हन, काढली, मळली, अन् ओल्या काचेवर थापली. तडा तसाच, वरून लांबी. देवकानं मले चिमटा काढला. देवका घरी काहीबाही दुरुस्त करत राहते, ओल्या काचेवर लांबी टिकत नाही हे तिले समजलं होतं. पन जवाई म्हनजे पाटावर बसवाचा मानूस. त्याले "बापू, चुकलं" म्हनाची पद्धत आमच्यात नाही. मी तिले उलटा चिमटा काढला अन् म्हनलं, "वा बापू! हात आहे का मशीन!"

बापू खूश झाले. पोह्याची दुसरी प्लेट झाली, मंग टेस्टिंग. टाकी स्टुलावर, बापू तिच्यापुढं, अंगात नवी कोरी पांढरी पँट. मी बादली वतली. दुसरी वतली. बापू वाकून बोटानं टिचकी मारून दाखवाले गेले, "पाहा मामी, गॅरंटी..."

लांबी पापडावानी सुटली! पानी सरळ बापूच्या पँटीवर.

कोनी हासलं नाही. जवाईले हासाची बी पद्धत नाही. देवका सैपाकघरात पळाली अन् तिथी भांडे पडल्याचा आवाज आला.

बुढा खुर्चीतून म्हने, "हळदीच्या दिवशीबी आमी बापूले एवढं पानी नव्हतं घातलं!"

*

मंग मी ठरवलं का आपनच करू. ते अख्खी काच काढून नवी बसवाची. देवकानं ब्लेडानं जुना चिकट माल खरडला. मी काचवाल्या भैयाकडे गेली.

"अम्मा, इंच बताओ."

इंच मले येत असता तं मी चवथीत शाळा काहून सोडली असती? पन बिडीचं पान आमी काय इंच मोजून कापतो? टिनाचा फर्मा पानावर ठेवला का कैची फिरवली. तसाच मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा फर्मा कापून नेला होता, दोन पत्रिका जोडून. टाकीत आत बसवून, चारी कोपरे दाबून पाह्यला होता.

"ये फर्मा है. इसके बराबर काट. कम-जादा हुआ तो तेरे गल्ले के सामने बैठ के गाना गाऊंगी."

तो हासला. टेप लावून पाह्यली, मंग टेप बाजूले ठेवली अन् पुठ्ठ्यावरूनच कापली. घरी आनली. अशी बसली का मधात केस जाईना!

*

आता हे आयक. अशी चूक आमीच करू शकतो.

काच चिकटवाची सिलिकॉनची नळी आनली, लावलं. भैयानं सांगतलं होतं का दोन दिवस वाळू द्या. देवका म्हने, "दोन दिवस कोन बसते? सून येऊन राह्यली!"

देवका शेवटचे दहा वरसं बिडी कारखान्याच्या भट्टीवर होती. बिड्याचे कट्टे, म्हनजे सुतानं बांधलेले जुडगे, ट्रेमधी लावून शेकाचे, हे तिचं काम. तिले वाटे का दुनियेतली ओली वस्तू शेकली का पक्की होते. कोळशाची शेगडी पेटवून आनली अन् काचेजवळ ठेवली. अन् मीबी, अक्कल गहान ठेवल्यावानी, पंखा घेऊन वारा घालत बसली!

पाच मिनिट झाले. देवका म्हने, "वास पाय, शेकून राह्यली."

टिन्न!

नवी काच, वरून खालवर, दोन तुकडे.

बुढा "सांगू का" बी म्हनला नाही. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी मले पह्यल्यांदा भेव वाटलं.

मी तोच फर्मा घेऊन पुन्हा भैयाकडे गेली. काचेचा तुकडा पाहून तो म्हने, "अम्मा, इस पे रोटी सेंकी क्या?"

मी म्हनलं, "रोटी नहीं रे, बिड़ी!"

*

या बारीले कौसाबाईले बलावलं. तिच्या एका डोळ्याचं आपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं बाकी आहे. सुईत दोरा घालता येत नाही तिले.

देवका म्हने, "हे आंधळी काय करीन?"

कौसाबाई म्हने, "बिडीचं तोंड मी डोळ्यानं बंद करत होती का अंगठ्यानं?"

भैयानं सांगतलं होतं, "अम्मा, एक बार में खींचना. बीच में रुके तो वहीं से टपकेगा." मी नळी दाबली. शिरक्यावानी आंबट वास सुटला. कौसाबाईनं अंगठा साबनाच्या पान्यात बुडवला, कोपऱ्याले टेकवला, दम धरला, अन् वरून खालवर, खालून आडवा, पुन्हा वर, एका दमात वढला! अशी रेघ, अशी रेघ का बिडीच्या तोंडाची घडीच. मंग बिडी बांधाचं लाल सूत काढलं अन् साऱ्या टाकीले फेरे घातले, काच हालू नये म्हनून.

बुढ्यानं खुर्ची वळवली. म्हने, "पंचविसाचा कट्टा बांधला का काय?"

दोन दिवस कोनी टाकीले हात लावला नाही. शेगडी मी कुलूप लावून ठेवली. देवकाचा काय भरोसा!

*

टेस्टिंगच्या दिवशी खाली पेपर आंथरला. पानी भरलं, काठोकाठ. तिघी मांडी घालून बसलो. अर्धा तास, कोरडं. एक तास, कोरडं. कौसाबाई अंगठ्याकडे अशी पाहे, जसं नातवाकडे पाहावं.

तेवढ्यात देवका वरडली, "गळलं! पेपर ओला आहे!"

वाकून पाह्यलं, खरंच, पेपरवर भला मोठा डाग. मी बोट लावलं, नाकाले लावलं, मंग जिभेले लावलं.

गोड!

वर पाह्यलं तं बुढा खुर्चीखाली चहाचा कप लपवून राह्यला. "हात थरथरला वो," म्हने.

टाकी ठनठनीत! बुढाच गळून राह्यला होता!

आमी तिघी उठून फुगडी घातली. कौसाबाईचे गुडघे, देवकाची कंबर, कशाचीच याद राह्यली नाही.

*

आठव्या दिवशी रंजना आली. त्याच्या आधी मी गोटे धुवून टाकीत घातले, बुडबुडे चालू केले, पाची बहिनी आत सोडल्या. बुढा खुर्चीत बसला, जसा कधी उठलाच नाही.

तिनं चपला काढल्या अन् सरळ टाकीजवळ. मासोळ्या मोजल्या. पाच. मशीन पाह्यली, चालू. पानी चाखाचंच बाकी राह्यलं होतं.

"वा आई! या बारीले हात नाही लावला तुमी."

"लावीन कशी? तू सांगतलं होतं ना."

बुढ्यानं मिशीतल्या मिशीत हासून माह्याकडे पाह्यलं. मी डोळा मारला. जिंकलो होतो बाई!

सोनेरी मासोळीची एक खोड आहे. खालचा गोटा तोंडात घेते, चघळते अन् थुकते. तं आमची मधली बहीन, म्हनजे मधली मासोळी, खाली गेली. तोंडात काहीतरी पांढरं घेतलं. पोहत पोहत वर आली. सुनेच्या नाकासमोर काचेजवळ थांबली.

मासोळीच्या तोंडात दात!

एकच. समोरचा. पिवळसर पांढरा.

मासोळी हासली म्हन का काय म्हन, मंग थू करून तो खाली टाकला.

सुनेनं हात घालून दात काढला. तळहातावर घेतला. सासऱ्याकडे पाह्यलं. बुढा, जो इतके दिवस "सांगू का, सांगू का" करत होता, तो ओठ असे दाबून बसला का जीव गेला तरी उघडनार नाही!

मी म्हनलं, "मासोळ्याइले दात येऊन राह्यले वाट्टे."

रंजनानं माहं आयकलंच नाही. तिनं टाकीच्या बाजूच्या काचेवर बोट ठेवलं. कोपऱ्यावरून खालवर फिरवलं, आडवं फिरवलं, पुन्हा वर आनलं. तिची मायबी बिड्याच वळे, रंजनाबी लहानपनी तिच्या बाजूले बसून वळत होती.

"कौसामावशीचा अंगठा आहे हा," म्हने.

अन् दात पुन्हा टाकीत सोडला. बाजूचा गोटा सरकवून कोपऱ्यात नीट बसवला. उठली अन् चहा ठेवाले गेली.

टाकी कुठं आहे म्हनतं? तुह्या मागंच आहे ना! पाय. डाव्या कोपऱ्यात पांढरा गोटा दिसते?

तो गोटा नोहोय.

घे तुहं विरजन, अन् जा आता!