झारेच्येची दोन माणसं

रायसा येगोरोव्हनाने एकतीस वर्षांत अकरा गावं शून्यावर आणली होती. म्हणजे तिने काही कुणाला हाकललं नव्हतं. माणसं मरत होती, उरलेली शहराला जात होती, आणि ओलेखोवोच्या ग्रामकचेरीत बसून ती फक्त आकडा लिहीत होती. पण लिहिणारा हात तिचा, त्यामुळे लोकांची बोलणीही तिलाच. जिल्हा एवढा थोरला की एका टोकाला गारा पडल्या तर दुसऱ्या टोकाला पत्ता नसे. जंगल, दलदल, पुन्हा जंगल, आणि मध्येच कुठेतरी चार घरं. तिच्या कचेरीच्या वाट्याला अशी एकोणीस गावं. दर जुलैत ती रबरी बूट चढवून घरोघर फिरायची. माणसं किती, गाई किती, कोंबड्या किती. अलीकडे गाईंचा रकाना ती न विचारताच रिकामा सोडायची. उन्हाळ्यापुरते येणारे शहरवाले मोजायचे नसत. मोजायची ती हिवाळा काढणारी माणसं.

नदीपलीकडच्या झारेच्येत ती स्वतः जन्मली होती. तीन वर्षांपूर्वी तिथला तेरेंती म्हातारा गेला आणि मागे एकटी अग्निया फोमिनिच्ना उरली, ऐंशी पार केलेली. जिल्ह्याचा नियम असा, की निदान दोन माणसांची नोंद असेल तिथेच पावाची गाडी जाईल आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढला जाईल. रायसाने कुणाला न विचारता आपली नोंद आईच्या पडक्या घराच्या पत्त्यावर हलवली. छप्पर केव्हाच खाली आलं होतं, पण पत्ता शाबूत होता. अग्निया तिला चिडवायची, म्हणायची, अशी शेजारीण बरी, ना भांडते, ना मीठ मागायला येते.

हे शहाणपण रायसाला चांगलंच महागात पडलं. पुढच्याच वर्षी ओलेखोवोत गॅसची नळी आली, तीही थेट तिच्या राहत्या घराच्या फाटकासमोरून. पण जोडणी मिळायची ती ओलेखोवोत नोंद असलेल्यांना. शेजारणी काडी ओढून चहा ठेवू लागल्या, आणि ही नवऱ्यामागे एकटी, साठीच्या उंबरठ्यावर, बर्चची लाकडं फोडत बसली. कंबर पार कामातून गेली. सकाळी चूल पेटवताना ती आधी नियमाला, मग झारेच्येला आणि शेवटी स्वतःला शिव्या घालायची.

यंदा जुलैत ती पावाच्या गाडीत बसूनच झारेच्येला गेली. गाडी चालवणारा व्हेनिआमिन एरवी तोंड मिटत नसे. आज वाटभर गप्प होता. अग्नियाच्या दाराला कुलूप होतं. खिडकीतून बघितलं तर मांजर नाही, कोपऱ्यातली देवाची तसबीरही नाही.

"गुरुवारी मुलगा घेऊन गेला," व्हेनिआमिन म्हणाला. "वाटेत त्यांची गाडी भेटली. कायमची नेतोय म्हणाला. तुम्हाला सांगायचं माझ्या जिवावर आलं, येगोरोव्हना."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही बुवा. काचेतून हात हलवला नुसता."

रायसा पायरीवर बसली. तिला संताप आला. दोन हिवाळे हिच्यापायी लाकडं फोडली, आणि जाताना एक शब्द नाही. मग तो संतापही फार वेळ टिकला नाही, त्यालाही अंगात जोर लागतो. व्हेनिआमिनने विचारलं, मंगळवारपासून यायचं की नाही. एवढा चिखल तुडवून कुलपाला पाव विकायला त्याची हरकत नव्हती, पण गाडी बिचारी म्हातारी होती.

"नको येऊस," ती म्हणाली.

कचेरीत परतून तिने वहीतून आधी अग्नियाचं नाव काढलं, मग स्वतःचं. आपली नोंद ओलेखोवोत आणली, झारेच्येसमोर शून्य लिहिलं, तक्ता जिल्ह्याला पाठवला, आणि त्याच बैठकीत गॅसचा अर्जही भरला. त्या दिवशी तिने चूल पेटवलीच नाही. थंड दुधाबरोबर पाव खाल्ला. तिला हलकं वाटत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

नऊ दिवसांनी कचेरीतला फोन वाजला. अग्निया होती. नवव्या मजल्यावर ठेवलंय, म्हणाली, खिडकी उघडली की डोकं गरगरतं, सून चांगली आहे पण पायाखाली माती नाही. मुलाला सांगितलंय, ऑगस्ट सरायच्या आत मला परत सोड. त्या दिवशी घाईत निघाले, तुला सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं. व्हेनिआमिनला म्हणावं, येत राहा.

रायसाने ऐकून घेतलं. आता वही पुढच्या जुलैत उघडणार होती; हिवाळ्यात बर्फ कुठला काढायचा ते याच आकड्यांवर ठरणार होतं. या, मी माझं नाव परत तिकडे नेते आणि जिल्ह्याच्या हातापाया पडते, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते बाहेर पडेना.

"मावशी, तुमचं नाव वहीतून काढलं मी," ती म्हणाली. "माझंही काढलं."



"म्हणजे आता आपल्याकडे कुणीच नाही," अग्निया म्हणाली.

"कुणीच नाही."

आता ही बोलणार, शिव्या देणार, रडणार, म्हणून रायसाने फोन कानाला घट्ट धरला.

"दमली असशील गं रायसा तू," म्हातारी म्हणाली.

एकतीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. रायसा टेबलाच्या कडेला टेकली.

"हो मावशी," ती म्हणाली. "फार दमले."