केसरीनाथची एकरंगी हळद

मानकोलीचा केसरीनाथ माझ्याच वयाचा. शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि त्याच्या हातचं काम गेलं. रिकामा माणूस शब्द गोळा करतो. दुधाच्या पिशवीवरच्या 'होमोजिनाइज्ड' या लांबलचक इंग्रजी शब्दावर तो अडला. धाकट्या भावाची मुलगी मृणाली कॉलेजात जाते. तिने समजावलं, "साय वेगळी निघू नये म्हणून दूध एकजीव करतात. तसं सगळीकडे सारखं असेल ते होमोजिनिअस. मूळ ग्रीक शब्द आहे, काका. होमोस म्हणजे सारखा, जेनोस म्हणजे कूळ."

"कूळ? म्हंजे भावकीच की!"

झालं. गोदामाचं काँक्रीट होमोजिनिअस, बोंबलाचं कालवण होमोजिनिअस. त्यात बोंबील वेगळा दिसत होता. मी तो उचलून खाल्ला.

मग त्याच्या मुलीची, करिष्माची हळद आली. हळदीला घरच्या बायका एका रंगात असतातच. याने काठ, पदर, ब्लाउजसुद्धा एक केला. मी आयुष्यभर लूम चालवले. शेजारच्या दोन लूमवर सारखं कापड काढायला घाम गाळावा लागतो. याने फक्त साडीच्या दुकानात फोन केला.

त्या नादात एक गोष्ट राहिली. त्यांच्या घरात नवरीच्या काकीला मानाची वेगळी साडी देतात. काकी म्हणजे मृणालीची आई, कमळ. तिच्याही हातात तीच पिवळी साडी पडली.

"नेसते, भाऊजी," ती म्हणाली. "पण तुमच्या मांडवात जेवायची न्हाय."

केसरीनाथचं तोंड उतरलं. धाकट्याचं घर उपाशी राहिलं तर कसली हळद? वेगळी साडी आणावी, तर स्वतःचाच नियम मोडतो. तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला. तेही काम त्याला धड जमलं नाही. दोनदा खुर्चीला अडखळला.

संध्याकाळी मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पुढे नवऱ्याची आत्या ठमाबाई, पहिल्यांदाच आलेली. समोर सगळ्या सारख्या पिवळ्या. नवरीला पदराने वारा घालणारी ती आई, असं समजून तिने विहीणबाईसाठी आणलेली हिरवी साडी कमळच्या ओटीत घातली.

"अवो, मी आय न्हाय," कमळ दचकली. "आय ती, हौसाबाय."

केसरीनाथ ओरडणार, तोच त्याची बायको हौसा पुढे झाली. "तुम्ही गप बसा. सगळ्यांना एका रंगात बुडवलंत नि जिचा मान तिला द्यायचा ईसरलात." मग कमळकडे वळून म्हणाली, "मी भात लावाया जायची तवा करिष्माला तूच सांभाळलंस ना? ठेव ती साडी."

कमळ आत गेली. हिरवी साडी नेसून आली. करिष्माला हळद लावली आणि पंगतीत हौसाशेजारी बसली.

पहिलाच घास खाऊन म्हणाली, "भाऊजी, मीठ कमी हाय."

केसरीनाथ उठला. मीठ वाढायला धावला. हातचं काम गेल्यापासून मी त्याला घाई करताना पहिल्यांदाच पाहिलं.