पुढच्या रांगेतली खुर्ची

आमचे बाबा घरात बोलत नाहीत. 'चहा', 'पेपर कुठाय' आणि 'बरं' एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात जन्म गेला. तिथेही म्हणे ते गप्प आणि फायलीच बोलायच्या. पण वर्षातून दोन-चार वेळा बोरिवलीतल्या मैदानावर आमच्या कोकणी मंडळाचा दशावतार होतो, आणि डोक्यावर मुकुट चढला की हाच माणूस राजा होऊन तासभर अखंड बोलतो. एवढं बोलणं एरवी कुठे दडवून ठेवतात, देव जाणे.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कुठलं आख्यान आणि कोण कोणत्या भूमिकेत, एवढंच आधी ठरतं. मग पेटी सुरू झाली की ज्याने त्याने आपल्या जिभेच्या जोरावर उभं राहायचं. तालीम हा प्रकार आमच्यात पुणेरी समजला जातो.

आईने मात्र बाबांना राजा झालेलं कधीच पाहिलं नव्हतं. प्रयोगाआधी कलाकारांची पंगत आमच्या घरी, ही मंडळाची रीत. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी. जेवून मंडळी मैदानावर जायची आणि आई टोपं घासायला बसायची. तिचं आवरेपर्यंत तिकडे राक्षस मरून गेलेला असायचा. "चल गं," म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "माका खंय वेळ?" मला राग यायचा, बाबांचाही आणि तिचाही.

मागच्या वर्षी राज्य सरकारच्या लोककला महोत्सवासाठी आमच्या मंडळाची निवड झाली. मुलुंडचं नाट्यगृह, दिवे, माईक, जायला-यायला गाडी आणि कलाकारांचं जेवणसुद्धा सरकारचं. सरकारला नावं ठेवण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हे, पण सांस्कृतिक खात्यातल्या अधिकारी बाई फारच गोड होत्या. "काका, रविवारी दुपारचा प्रयोग. जेवणाची काळजी नको, तुम्ही फक्त या," म्हणाल्या. बाबांनी फोन ठेवला आणि आईकडे न बघता म्हणाले, "यावेळी पंगत नाय. तू बघूक ये."

आई दुसऱ्या दिवशी नव्या साडीला फॉल लावायला टाकून आली.

मग बाईंचा पुन्हा फोन आला. नियमाप्रमाणे मंजुरीसाठी नाटकाची संहिता हवी होती. वाट लागली! आमच्यात लिहिलेला कागद कुठून येणार? मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळी आमच्याकडे जमली, चहा पीत पीत आख्यान बोलून दाखवलं आणि मी ते टाईप केलं. यथावकाश मंजुरीचा शिक्का बसून पानं परत आली.

तिथेच घोळ झाला. तो शिक्का पाहिला आणि बाबांच्यातला कारकून जागा झाला. "मंजूर झाला हा. आता एक शब्द इकडचो तिकडे करूचो नाय." बाईंनी हसून सांगितलं, "अहो काका, ते नियमापुरतं. तुम्ही नेहमीसारखंच करा." फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणाले, "तोंडी आदेशाक काय अर्थ नसता." जन्मभर जे मनातलं बोलत आले, ते आमचे राजे आणि राक्षस शाळकरी पोरांसारखे घोकंपट्टीला लागले.

प्रयोगाच्या दिवशी बाई दारातच भेटल्या. आईला त्यांनी हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं आणि कलाकारांसाठी आलेल्या जेवणातलं एक पाकीट तिच्या हातात दिलं. "तुम्ही कलाकारांच्या घरच्या, म्हणजे कलाकारच," म्हणाल्या. आईने ते न उघडता मांडीवर धरून ठेवलं.

पडदा वर गेला. गणपती येऊन गेला, विनोदी राक्षस संकासुराने हशा घेतला. मग लढाईवरून परतलेला राजा आला. टाळ्या पडल्या. बाबांनी तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. पेटीवाल्याने तोच सूर दोनदा वाजवला. इतक्या वर्षांनी आई बघायला आली होती, आणि तिच्यासमोर कोण उभं होतं, तर मुकुट घातलेले आमचे घरातले बाबा.

राणीचं काम करणारे काका वीज कंपनीत लाईनमन होते. त्यांनी परिस्थिती ओळखली आणि शिक्क्याची पानं मनातल्या मनात बाजूला सारून म्हणाले, "महाराज, दमलात. आधी दोन घास खाऊन घ्या."

बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तू जेवलीस का, राणी?"

आणि मग राजा बोलतच सुटला. "आम्ही मुकुट घालून मिरवतो. आमच्या पंगती बसतात, उठतात. शेवटच्या पंगतीत तरी तू बसलीस का, हे या राजाने कधी मागे वळून पाहिलं नाही. जग आमचा जयजयकार ऐकतं, आणि तुझ्या कानावर पडतो तो भांड्यांचा आवाज. राणी, हे राज्य तुझ्या चुलीवर उभं आहे, हे आम्ही बोललो नाही. बोलायला हवं होतं."

यातलं एक अक्षरही मी टाईप केलेलं नव्हतं. आई ताठ बसली होती आणि पदराने डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. बाबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, राणीकडेच पाहत बोलले. त्यानंतरचा प्रयोग झकास झाला, पण तो मला फारसा आठवत नाही.

संपल्यावर आई नाट्यगृहाच्या पायरीवर बसली होती, पाकीट तसंच बंद. बाबा अर्धा रंग पुसून आले आणि तिच्या शेजारी बसले.

"जेवलंस?"

"तुमच्याआधी कशी जेवतलंय?"

बाबांनी पाकीट उघडलं, पुरीत भाजी गुंडाळून तिच्या हातात दिली आणि आपण थांबले. आईने सावकाश घास चावला.

"भाजयेत मीठ कमी असा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "बरं." पण तिची पुरी संपेपर्यंत त्यांनी स्वतः घास घेतला नाही.