वर राहिलेला हात

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका मुलीची शांतता ऐकून कितीतरी देशांतले परीक्षक आपले कान जुळवून घेतात. ती शांतता तिची नाही, माझी आहे.

आधी कामाचं सांगतो. परदेशी नोकरीसाठी लागणारी इंग्रजी बोलण्याची परीक्षा मी जयपुरात, सी-स्कीममधल्या एका केंद्रावर घेतो. एका देशात पास होणारा दुसऱ्या देशात नापास ठरू नये, म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांनी मिळून प्रत्येक पातळीचा एकेक आवाज नमुना म्हणून ठरवला आहे. तपासणीआधी सगळ्यांनी तोच ऐकायचा आणि आपले गुण ठरलेल्या गुणांशी ताडून पाहायचे. मी फक्त प्रश्न विचारतो, रेकॉर्डिंग ऐकून गुण दुसरेच देतात. परीक्षेत काही अडथळा आला तर तो कळवणं मात्र माझं काम.

ती मुलगी नर्स होती. वडील रेल्वेत, घर जयपुरातच, सोडाला भागात. बाहेर मी फोनवर बायकोशी बोलत होतो, ते तिने ऐकलं.

"काका, मतलब तुम्ही पण मराठीच?" म्हणाली आणि हसली. मीही हसलो. बस, तेवढंच.

आत ती छान बोलत होती. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याने तिचा हात धरून ठेवला होता, त्याबद्दल. 'त्याने मला विचारलं...' इथवर ती आली आणि शेजारच्या गच्चीवर पतंग कटला. संक्रांत जवळ आलेली. लाउडस्पीकर, शिट्ट्या, 'वो काटा'. थांब, असा मी हात वर केला. ती थांबली. गलका ओसरला, पण मी तो कटलेला पतंग डुलत खाली येताना बघत राहिलो. हात तसाच वर. ती त्या हाताकडे बघत बसलेली. मग माझं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी पुढचा प्रश्न विचारून टाकला.

अडथळा कळवला नाही. बाहेरचं आमचं मराठी कुणी ऐकलं असेल, आपल्या माणसासाठी सवलत मागतोय म्हणतील, एवढीच भीती. ती थोडक्यात नापास झाली.

पुढे त्या संस्थांच्या समितीला नेमका 'पासच्या जरा खालचा' आवाज हवा होता. तिचाच निवडला गेला. परदेशात कुणीतरी तो साफ केला. शिट्ट्या गेल्या, लाउडस्पीकर गेला, अख्खी गच्ची गेली. समितीच्या ऑनलाइन बैठकीला आम्हा प्रश्न विचारणाऱ्यांनाही बसवलं होतं. तिथे एक परदेशी बाई हळुवारपणे म्हणाल्या, की इथे या मुलीचे शब्द संपलेले ऐकू येतात. पडद्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तेव्हापासून दर वर्षीच्या उजळणीत तो आवाज ऐकतोय. ती शांतता रिकामी नाही. खुर्ची एकदा करकरते. एक श्वास आत घेतला जातो आणि बाहेर येतच नाही. दर वेळी ती मला जरा लांबलेली वाटते. मोजून पाहिली आहे, तेवढीच आहे.

एकदा जेवताना माझी मुलगी बोलता बोलता गप्प झाली. काय झालं, विचारलं.

"बाबा, तूच हात केलास ना."

माझा उजवा हात खरंच वर होता. मला पत्ताही नव्हता.

गेल्या महिन्यात आईला दवाखान्यात नेलं. पडद्यापलीकडे नर्स तिच्याशी बोलत होती. तोच आवाज होता. हा आवाज मी हेडफोनशिवाय ऐकत होतो. ती बाहेर आली. मला ओळखलं नाही. आईशी माझं मराठी ऐकून मराठीतच सांगू लागली.

"काका, ही गोळी जेवणानंतर द्या, आणि चक्कर आली तर..."

आणि थांबली. श्वास आत घेतलेला. नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, जरा वर होती. मी वर पाहिलं तर तिथे माझा हात. तो खाली घेतला, तरी ती लगेच बोलेना.

"सॉरी काका," शेवटी म्हणाली. "मी मध्येच अशी अटकते. एक परीक्षा दिली होती इंग्रजीची, तेव्हापासून. दुबारा बसलेच नाही."

मी गोळ्या घेतल्या आणि आईला धरून बाहेर आलो.

समितीला सांगायचं आहे, की तो नमुना खोटा आहे. तिला सांगायचं आहे, की ती अडखळली नव्हती, मी थांबवलं होतं. दोन्ही देणी अजून बाकी आहेत.